पीटी मास्तरचा पगार

कॅनडातल्या ग्वेल्फच्या रवींद्रराव ठोसरांना कुणालाही पगार विचारायला लाज वाटत नसे. मराठी माणसाला ती तशीही कमीच वाटते म्हणा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पुण्याहून नवीन आलेला एखादा सॉफ्टवेअरवाला भेटला, की नाव, गाव झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला, ‘मग, किती देतात?’ समोरचा जरा घुटमळला की म्हणायचे, अरे सांग की, मी काय इन्कम टॅक्सवाला आहे? आकडा कळला की मान अशी हलवायचे, की ते कौतुक आहे की कीव, हे त्या बिचाऱ्याला घरी पोचेपर्यंत कळू नये. गोऱ्या माणसाला असं विचारायचं नसतं, हे त्यांना आल्या वर्षीच कळलं होतं. गोऱ्यांना ते विचारतही नसत. पण आपल्यात कसला आलाय आडपडदा, असं त्यांचं म्हणणं.

अशा या माणसाने जगात एकाच माणसाचा पगार कधी विचारला नव्हता, आणि तो म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ दिलीप. विचारायचंय काय त्यात? पीटी मास्तरला असून असून असणार किती?

दिलीप पीटी मास्तर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मिसिसागाच्या बाजूला एका कॉलेजात तो डायरेक्टर ऑफ ॲथलेटिक्स होता. कॉलेजच्या सगळ्या टीम, त्यांचे कोच, जिम, बर्फाची रिंक, बाहेरगावच्या सामन्यांच्या बसगाड्या, देणगीदारांची जेवणं, सगळं त्याच्या अखत्यारीत. पण रवींद्ररावांच्या डोक्यात बसलं होतं त्यांचं अमरावतीचं कॉलेज. तिथेही एक ‘फिजिकल डायरेक्टर’ होते. म्हणायला डायरेक्टर; पण काम काय, तर जिमखान्याच्या कपाटाची किल्ली सांभाळायची, मुलांना मोजून शटलकॉक द्यायची, गॅदरिंगला शिट्टी फुंकून रांगा लावायच्या आणि परीक्षेत कुणी आजारी पडलं तर सुपरव्हिजनला उभं राहायचं. प्रिन्सिपॉल त्यांना बसा म्हणत नसत. ‘डायरेक्टर’ हा शब्द ऐकला की रवींद्ररावांना ते फिजिकल डायरेक्टरच दिसायचे, कॅनव्हासचे बूट घातलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले. दिलीपला ती नोकरी मिळाली तेव्हा त्यांनी जयंतीवहिनींना सांगितलं, चला, लागला एकदाचा मार्गाला, कपाटाची किल्ली तरी मिळाली.

दोघांत नऊ वर्षांचं अंतर. रवींद्रराव पहिल्यापासून हुशार, बोर्डात आलेले, मातीच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून सत्तरच्या सुमारास कॅनडात आले आणि ग्वेल्फच्या एका संशोधन केंद्रात चिकटले ते चिकटलेच. दिलीप म्हणजे व्हॉलीबॉल. सकाळी व्हॉलीबॉल, संध्याकाळी व्हॉलीबॉल, मधल्या वेळात बी.एस्सी.ला एकदा नापास. शेवटी बी.पी.एड. करून घरी बसला, तेव्हा आईने रवींद्ररावांना लिहिलं की याला तुझ्याकडे ने बाबा. त्यांनी नेलं. स्पॉन्सर केलं, बेसमेंटमध्ये ठेवलं, पहिला कोट घेऊन दिला, विंटरमध्ये रस्त्यावर चालायचं कसं ते शिकवलं. त्याचं लग्नही यांच्या शब्दावर झालं. चित्राचं स्थळ आलं तेव्हा दिलीप म्हणाला होता, दादा बघून घेईल. घर घेतानाही त्याने आधी दादाला आणून दाखवलं. रवींद्ररावांनी भिंतीला टकटक केलं, बेसमेंटमध्ये ओल आहे का बघितलं आणि म्हणाले, घे. मग त्याने घेतलं.

म्हणजे दिलीप हा रवींद्ररावांच्या मोठेपणाचा चालता-बोलता पुरावा होता. आणि मोठेपणाला काही तरी देत राहावं लागतं, नाही तर तो मोठेपणा कसला? घरात नवा सोफा आला की जुना दिलीपकडे. नवीन गाडी घेतली की जुनी कोरोला दिलीपकडे. गौरांगीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लहान झालेल्या स्केट्सही दिलीपच्या मुलींकडे. दिलीप सगळं हसत न्यायचा. वर, कोरोला फर्स्टक्लास चालून राहिली दादा, असं फोन करून सांगायचा. रवींद्रराव फोन ठेवून जयंतीवहिनींना म्हणायचे, बिचारा. त्या ‘बिचारा’त इतकी गोडी असायची, की त्यानंतर त्यांना चहात साखर लागत नसे.

आता गोष्ट येते यादीवर. ओंटारिओ प्रांतात सरकारी पैशातून ज्यांना वर्षाला लाख डॉलरच्या वर पगार मिळतो, त्या सगळ्यांची नावं आणि आकडे सरकार दर वर्षी मार्चच्या शेवटी जाहीर करतं. कुणीही बघावं. लोक तिला सनशाइन लिस्ट म्हणतात, आणि एप्रिलचा पहिला आठवडा सगळे एकमेकांकडे जरा निरखून बघतात. रवींद्ररावांना या यादीचं भारी वेड. आपल्या केंद्रातलं कोण कोण आलं, कुणाचा किती वाढला, हे त्यांना तोंडपाठ असे. पण खरं वेड वेगळंच होतं. त्यात एकदा स्वतःचं नाव यावं, एवढीच त्यांची इच्छा. पैसा त्यांना पुरत होता. घराचं कर्ज फिटलं होतं, गौरांगी शिकून टोरोंटोत नोकरीला लागली होती. पण आयुष्यभर माती चाळली, त्याची कुठे तरी नोंद व्हावी, आणि ती रिटायर व्हायच्या आत व्हावी, असं त्यांना फार वाटायचं. दोन हजार आठ साली, म्हणजे ज्या वर्षी रिटायर व्हायचं त्याच वर्षी, त्यांचा अंदाज होता की या खेपेला आपण रेघ ओलांडली असणार.

त्या वर्षी यादी लागली आणि त्याच आठवड्यात पाडवा होता. रवींद्रराव कामावरून आले, बूटही न काढता कॉम्प्युटरपुढे बसले आणि त्यांनी आडनाव टाकलं. ठोसर. यादीत एक ठोसर निघाला. अख्ख्या ओंटारिओत एकच. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, जयंती, चहा टाक, आलं घाल. मग चष्मा सारखा करून आडनावापुढचं नाव वाचलं. ठोसर, दिलीप. डायरेक्टर, ॲथलेटिक्स. एक लाख अठरा हजार आणि वर काही शे.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, छापण्यात चूक आहे. मग वाटलं, दुसरा कुणी दिलीप ठोसर असेल. जसं काही मिसिसागाच्या गल्लीबोळांतून दिलीप ठोसर भरलेत. मग त्यांनी दुसऱ्या कॉलेजांचे असे डायरेक्टर शोधले. कुणी एक लाख पाच, कुणी एक लाख बारा. मोठ्या विद्यापीठांतले तर आणखी वर. म्हणजे चूक नव्हती. या देशात चेंडूवाल्यांना एवढे देत होते, आणि मातीवाल्याचं नाव यादीत नव्हतंच. रवींद्ररावांचं दोन-अडीच हजारांनी हुकलं होतं.

जयंतीवहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी पडद्यावर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. अगंबाई, आपला दिलीप, म्हणाल्या. आणि वर, किती गुणी बघा, कधी बोलला नाही हो. झालं. रवींद्ररावांच्या नाकाला मिरची झोंबायची तेवढी राहिली होती, ती झोंबली. बायकोने वाईट तोंड केलं असतं तर त्यांनीच दिलीपची बाजू घेतली असती. पण ती खूश झाली, आणि यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चहात आलं जास्त झालंय, असं म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.

त्यांनी गौरांगीला फोन लावला. तुला माहीत होतं का गं, काकाचं? ती म्हणाली, “बाबा, काका इज अ बिग डील. यू डिडन्ट नो?” तिच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि ते दिलीपविषयी नव्हतं, बापाविषयी होतं.

चांगुलपणाच्या गोष्टी सगळे सांगतात, मी तुम्हाला रवींद्ररावांचं खरं सांगतो. त्यांचं पोट दुखत होतं. साधंसुधं नाही, चांगलं मुरडा मारून दुखत होतं. वर त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस आणखी चिडतो. माझा सोफा, माझी कोरोला, माझा कोट, आणि पगार माझ्यापेक्षा वीस हजारांनी जास्त! आणि हा हसत हसत नेत होता? फर्स्टक्लास चालून राहिली म्हणे! म्हणजे घरी जाऊन नवराबायको आपल्याला हसत असतील. बिचारा दादा, म्हणत असतील. तो शब्द त्यांच्या डोक्यात आला मात्र, त्यांनी ड्राइव्हवेच्या कडेला उरलेला काळा बर्फ फावड्याने फोडायला घेतला. तो दोन दिवसांत आपोआप विरघळणार होता.

रविवारी पाडव्याला दिलीप आणि चित्रा नेहमीसारखे जेवायला आले. दिलीपने नेहमीसारखं वाकून नमस्कार केला. रवींद्रराव म्हणाले, या डायरेक्टरसाहेब, आमच्या गरिबाघरचं श्रीखंड चालेल ना? बाकी जमलेली चार माणसं हसली. दिलीपही हसला, पण त्याचे कान लाल झाले. चित्राने ताटाकडे बघितलं. मग जेवताना जो विषय निघेल तो रवींद्ररावांनी फिरवून फिरवून पैशावर आणला. हॉकीची गोष्ट निघाली तर म्हणाले, या देशात डोकं नसलं तरी चालतं, पाय असले की झालं. पुरणपोळी छान झालीय असं कुणी म्हणालं तर म्हणाले, आता पुढच्या वर्षी लिस्टवाल्यांकडे पुरणपोळी.  दिलीपने पुरणपोळीवर तूप मागून घेतलं आणि मुकाट्याने खाल्ली. गुडघा दुखतोय का अजून दादा, एवढंच त्याने जाताना विचारलं. त्या विचारण्याचाही रवींद्ररावांना राग आला. व्हॉलीबॉलवाल्याने आता गुडघ्याचंही शिकवावं, म्हणाले.

महिना-दीड महिना गेला. मे महिन्यातला लाँग वीकएंड झाला, आता रात्री हिम पडायची भीती नाही म्हणून रवींद्रराव मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होते. मातीत हात असले की ते त्यातल्या त्यात माणसात असत. दिलीप एकटाच आला. चित्राला नाही आणलं, म्हणाला, जरा बोलायचं होतं. बाजूला पडलेली बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

गोष्ट अशी होती. ग्वेल्फच्या बाहेर एक छोटं कॉलेज होतं, तिथला ॲथलेटिक डायरेक्टर रिटायर होत होता. दिलीपने अप्लाय केलं होतं. दोन मुलाखती झाल्या आणि त्यांनी त्याला या म्हणून कळवलं होतं. रवींद्ररावांच्या घरापासून ते कॉलेज दहा मिनिटांवर. घर इथेच घेता आलं असतं. दिलीपने सगळं सांगितलं, हातातला मातीचा गोळा फोडला आणि विचारलं,

“तर दादा, काय म्हणतो? घेऊ का?”

विचारायची ही त्याची जुनी पद्धत. लग्नाला विचारलं होतं, घराला विचारलं होतं. दादा घे म्हणाला की घ्यायचं, नको म्हणाला की विषय संपला. दुसऱ्या कुणाला हे खुळेपण वाटेल. दिलीप त्रेपन्न वर्षांचा होता, त्याच्या हाताखाली तीसेक माणसं होती. पण ठोसरांच्या घरात वडील लवकर गेले होते, आणि तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं.

रवींद्ररावांच्या डोक्यात त्या क्षणी काय काय येऊन गेलं, ते सांगायचं तर दिवस पुरायचा नाही. पहिल्यांदा ग्वेल्फ आलं. हे त्यांचं गाव होतं. इथल्या मंडळाचे ते दोनदा अध्यक्ष होते, इथे डॉक्टर ठोसर म्हणजे एकच. आता लोक विचारणार, ते डायरेक्टर ठोसर तुमचे कोण? इथल्या पेपरात सामन्यांचे फोटो येतात, त्यात हा उभा राहणार. आपण रिटायर होऊन ग्रोसरीच्या दुकानात कूपनं घेऊन फिरणार आणि रस्त्यात लोक याला हाक मारणार. आणि मग आकडा. त्यांच्या जिभेवर अगदी आलं होतं, किती देतात? आयुष्यभर परक्या पोरांना विचारलेला प्रश्न. पण तो जिभेवरच राहिला. विचारलं आणि एकशे तीस म्हणाला तर? एकशे चाळीस म्हणाला तर? नोकरी बदलतंय कोण, जास्त मिळाल्याशिवाय? तो आकडा आपण आपल्याच टोमॅटोच्या वाफ्यात उभं राहून ऐकायचा, आणि वर वा वा म्हणायचं? ते होणार नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही.

त्याऐवजी ते मोठ्या भावासारखं बोलले. फार छान बोलले, हे कबूल करायला हवं. छोट्या कॉलेजांचं काही खरं नसतं, म्हणाले, पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड खेळावर. तुझी तिथली इतक्या वर्षांची सीनिऑरिटी जाईल. पेन्शनचं काय होईल ते कोण सांगणार? चित्राची लायब्ररीतली नोकरी जमलेली आहे, तिला कशाला हलवतोस? या वयात नव्या लोकांत स्वतःला सिद्ध करत बसायचं, काय गरज? एकूण एक मुद्दा बरोबर होता. खोटं त्यात एकही नव्हतं, आणि तरी सगळं बोलणं मिळून खोटं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला ज्याला येते, त्याला मुद्दे कमी पडत नाहीत.

“आहेस तिथे बरा आहेस,” ते शेवटी म्हणाले. “मला विचारशील तर नको.”

दिलीपने त्यांच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग विचारलं, नक्की? रवींद्रराव रोपाभोवतीची माती दाबत म्हणाले, नक्की. बरं, म्हणाला दिलीप. उठला, बादली होती तिथे उभी करून ठेवली, नळाखाली हात धुतले, दोन रोपं लावून द्यायला मदत केली आणि गेला. सोमवारी त्याने त्या कॉलेजला नाही म्हणून कळवून टाकलं.

त्या दिवशी रवींद्ररावांना दुपारी अशी झोप लागली, की तशी पाडव्यापासून लागली नव्हती. उठल्यावर त्यांनी जयंतीवहिनींना सगळं सांगितलं, आपण कसे कसे मुद्दे मांडले तेही. वहिनी भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

“तुम्ही नको म्हणालात?”

हो, म्हणाले, त्याच्याच भल्याचं सांगितलं.  भाजी तशीच टाकून वहिनी खाली बेसमेंटमध्ये कपडे मशिनला लावायला गेल्या, आणि बऱ्याच वेळाने वर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रवींद्ररावांना वाटलं, बायका आपल्या, जाऊबाई जवळ येणार होती म्हणून हिरमुसली असेल. होईल दोन दिवसांनी ठीक.

डिसेंबरात ते रिटायर झाले. केंद्राने केक कापला, एक घड्याळ दिलं, त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी त्यांचे मातीचे नमुने कुठे ठेवायचे ते विचारलं. मग जानेवारी आला. ज्याने कॅनडातला जानेवारी घरात बसून काढलाय, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढायचा, पेपर वाचायचा, जयंतीवहिनींनी डबा उघडला तर का उघडला ते विचारायचं. त्यांना आता मंडळात बोलवत, पण पुढच्या खुर्चीवर बसवत आणि बोलायला लावत नसत. नवी पोरं नवीनच गोष्टी बोलत. रोज कुणाशी तरी अमरावतीचं, आईचं, त्या वेळच्या उन्हाचं बोलावं असं फार वाटायचं. तसं बोलता येईल असा माणूस अख्ख्या देशात एकच होता, आणि तो पाऊण तासावर मिसिसागाला होता. तो येई, पण आता पूर्वीसारखा दर आठवड्याला नाही. फोन करी, गुडघा विचारी, ठेवून देई. भांडण नाही, तंटा नाही. काही झालंच नव्हतं म्हणा ना.

फेब्रुवारीत त्याने फोनवर सांगितलं, की ब्रिटिश कोलंबियात व्हँकूवरच्या बाजूच्या एका कॉलेजने बोलावलं आहे, आणि आम्ही जायचं ठरवलंय. कोक्विटलामला घर बघितलं. या वेळी त्याने घेऊ का विचारलं नाही. घेतलं, म्हणाला. रवींद्रराव अभिनंदन म्हणाले, आणि माणसाचं मन किती नाठाळ असतं बघा, फोन ठेवल्यावर पाच तासांच्या विमानप्रवासाचा विचार त्यांच्या मनात दुसरा आला. पहिला आला तो हाच, की तिकडे किती देत असतील?

जुलैत सामान हलवायचा दिवस ठरला. रवींद्रराव आणि जयंतीवहिनी मदतीला म्हणून मिसिसागाला गेले. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. दिलीप गराजमध्ये खोकी लावत होता, वहिनी वरच्या मजल्यावर कपाटं पुसत होत्या, आणि स्वयंपाकघरात चित्रा बशा कागदात गुंडाळत होती. रवींद्रराव तिच्या हाताखाली टेप कापून द्यायला उभे राहिले. चित्रा मुळात कमी बोलणारी. त्यांच्याशी तर गेलं वर्षभर हो-नाही एवढंच. काही तरी बोलावं म्हणून ते म्हणाले, कोक्विटलाम महाग आहे म्हणतात, भागेल ना नीट?

भागेल, म्हणाली चित्रा. तिकडे इथल्यापेक्षा जास्त देतायत. मग तिने टेप चर्रकन ओढली आणि वर न बघता बोलली,

“ग्वेल्फला ऐंशी देत होते, दादा. ऐंशीत कसं भागवायचं, ते मी सगळं बसवून ठेवलं होतं. मुलींनाही सांगून झालं होतं.”

रवींद्ररावांना कळेना, ऐंशी म्हणजे काय? ऐंशी हजार? त्याला तर इथे एकशे अठरा मिळत होते. चित्रा म्हणाली, हो, छोटं कॉलेज ते, तेवढंच देणार. वहिनींचा फोन आला होता त्या मार्चमध्ये. दादा पुढच्या वर्षी घरी बसतील, गौरांगी येते महिन्यातून एकदा, ते कुणाशी बोलतील, मला काळजी वाटते, म्हणाल्या होत्या. तेव्हा यांनी ती जागा शोधून काढली. मी म्हटलं, जवळजवळ चाळीस हजार सोडायचे? तर म्हणाले, दादाने मला पाच वर्षं बेसमेंटमध्ये ठेवलं, तेव्हा त्याने मोजले होते का?

एवढं बोलून ती पुढची बशी उचलायला वाकली. तिला टोमणा मारायचा नव्हता. कदाचित मारायचाही असेल, आणि तिचा तो हक्क होता. रवींद्ररावांच्या हातात टेपचा कापलेला तुकडा तसाच बोटाला चिकटून राहिला. नोकरी बदलतंय कोण, जास्त मिळाल्याशिवाय? त्यांना वाटलं होतं, भाऊ आपल्या गावात आपल्या डोक्यावर चढायला येतोय. आणि तो चार पायऱ्या उतरून येत होता. एकदा तोंड उघडून किती देतात विचारलं असतं तर. पण तेवढं एकदाच त्यांनी विचारलं नव्हतं.

ते गराजमध्ये गेले. दिलीप एका खोक्यावर मार्करने काही तरी लिहीत होता. रवींद्रराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, शब्द सापडणार नाहीत. पण ते सरळ तोंडातून आले.

“दिलीप, त्या दिवशी अंगणात मी नको म्हणालो, ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं.”

“माहीत आहे,” दिलीप म्हणाला. त्याने मार्करचं टोपण लावलं.

“काय माहीत आहे?”

“तुला माझा पगार खुपून राहिला होता. पाडव्याच्या दिवशीच दिसलं होतं.”

रवींद्ररावांना धक्का बसला तो यामुळे, की त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं, मोठ्या भावाला रागावायला काही तरी मिळालं असतं. ते म्हणाले, माहीत होतं तर माझं ऐकलंस कशाला? सांगायचं होतंस की ऐंशीच देतात म्हणून. मी हो म्हणालो असतो.

दिलीप खोक्यावर बसला. गेल्या वर्षी मे महिन्यात बादलीवर बसला होता त्यापेक्षा तो आता बराच म्हातारा दिसत होता.

“म्हणूनच नाही सांगितलं,” तो म्हणाला. “पगार कमी आहे म्हणून तू ये म्हणशील, तर ते काय येणं झालं, दादा? जास्त असता तरी ये म्हणतो का, हे मला पाहायचं होतं. तू नको म्हणालास. मी रोज तुझ्यासमोर दिसावं, असं तुला नव्हतं वाटत. एवढं कळल्यावर मग काऊन यायचं?”

रवींद्ररावांना म्हणायचं होतं, वाटतं रे, आता फार वाटतं. पण मे महिन्यात खरोखरच वाटलं नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी ते खोकं एका बाजूने धरलं, दिलीपने दुसऱ्या बाजूने धरलं आणि दोघांनी मिळून ते ट्रकमध्ये चढवलं.